पेलेट कमकुवत का निघतात? भट्टी वाढवण्याआधी या चुका टाळा

लोहखनिजाच्या भुकटीच्या गोळ्या वळून भाजलेले पेलेट दाबाच्या चाचणीत कमी भरले, की पहिला हात भट्टीचे तापमान वाढवण्याकडे जातो. ही सवय मोडली पाहिजे, कारण साधारण 1250 ते 1350 अंश सेल्सियसला होणारी भाजणी आधीची चूक दुरुस्त करू शकत नाही.

खरी चूक बहुधा पाण्यात असते. कच्च्या पेलेटमध्ये साधारण 8 ते 10 टक्के ओल लागते. ती कमी पडली तर फिरत्या डिस्कवर गोळी वाढत नाही. जास्त झाली तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, थराच्या भाराने दबतात, आणि मग त्यांच्यामधून गरम हवा नीट जात नसल्यामुळे खालचा थर अर्धवट सुकलेल्या अवस्थेतच पुढच्या उष्णतेला सामोरा जातो. तिथे आतल्या वाफेने पेलेट फुटतात. दळलेल्या खनिजातले पाणी काढणाऱ्या फिल्टरचे कापड तुंबून माल ओला येऊ लागला, की बेंटोनाइट (गोळी बांधून ठेवणारी चिकणमाती) वाढवून ओल शोषून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. बेंटोनाइटबरोबर सिलिका वाढते, लोहाचे प्रमाण घटते आणि मूळ बिघाड झाकला जातो. आधी कापड धुवावे किंवा बदलावे. दर पाळीत काही कच्चे पेलेट 45 सेंटीमीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पुन्हा पुन्हा टाकून पाहावेत. चारपेक्षा कमी वेळांत तडे जात असतील, तर दोष ओलीत, दळणात किंवा मिश्रणात शोधावा.

दुसरी चूक खनिज बदलूनही जुनीच पद्धत चालू ठेवण्याची. कर्नाटकातील कुद्रेमुखचे खनिज मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारे लोहखनिज) होते. 2005 अखेर तिथले खाणकाम थांबले आणि त्यावर चालणाऱ्या मंगळूरच्या पेलेट प्रकल्पाला बाहेरून हेमेटाइट (आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेले लोहखनिज) आणावे लागले. मॅग्नेटाइटचे ऑक्सिडीकरण होताना पेलेटच्या आतच उष्णता निर्माण होते. हेमेटाइटमध्ये ती सोय नाही, म्हणून मिश्रणात कोकची बारीक भुकटी घालतात. ती भरड राहिली किंवा जास्त पडली, तर गाभ्यातील हेमेटाइटचे उलट क्षपण होते, म्हणजे त्यातला प्राणवायू निघून जातो, आणि बाहेरचे कवच व गाभा यांच्यामध्ये भेग पडते. गोव्यासारख्या गोएथाइटयुक्त खनिजात रासायनिक बंधातले पाणी साधारण 300 अंशांच्या आसपास सुटते; त्या टप्प्यात तापमान सावकाश चढवावे.

शंका आली तर पेलेट फोडून पाहावा. गाभा काळपट असून त्याचा चुरा चुंबकाला चिकटत असेल, तर आत प्राणवायू पुरेसा पोहोचलेला नाही किंवा कोक जास्त झाला आहे. अशा वेळी ज्वाला वाढवली, तर कवच आणखी घट्ट होऊन आतला भाग तसाच राहतो.

शेवटी, केवळ सरासरी ताकदीवर विसंबू नये. लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीसाठी दर पेलेटमागे सुमारे 250 किलो ताकद अपेक्षित असते; पण 60 पेलेटांची सरासरी तेवढी भरूनही त्यांतले दहा 100 किलोखाली असू शकतात, आणि वाहतुकीत भुकटी होते ती त्याच दहांची. म्हणून अहवालात सरासरीशेजारी 100 किलोखालच्या पेलेटांची संख्याही लिहावी.