सड्यावरून रस्ता नेताना: खुंट ठोकण्याआधीची पाहणी

कोकणात नवा रस्ता आखायचा म्हटलं की पहिली नजर सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर जाते. सपाट कातळ, घरं नाहीत, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. पण कातळशिल्पं, म्हणजे जुन्या काळी खडकात खोदलेली चित्रं, याच कातळावर आहेत. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कुठल्याच यादीत नसलेली शिल्पं वाचवायची, तर पाहणी मध्यरेषेचे खुंट ठोकण्याआधीच उरकावी लागते.

पाहणीला मार्च ते मे हे महिने चांगले, तेव्हा गवत वाळून कातळ उघडा पडलेला असतो. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर चाला. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेघेच्या कडेला सावली धरते. भर दुपारी दोन-तीन सेंटिमीटर खोल रेघ पायाखाली असून दिसत नाही. प्रस्तावित रेषेच्या दोन्ही बाजूंना २०० मीटरचा पट्टा धरा आणि माणसांनी एकमेकांत दहा मीटर अंतर ठेवून तो विंचरून काढा. गुराखी सोबत हवाच. त्याला ‘कातळशिल्प आहे का’ असं विचारू नका. ‘सड्यावर कुठं काही कोरलंय का’ असं विचारा.

सापडलेल्या जागेवरची माती मऊ केरसुणीने झाडा. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना किंवा रंग अजिबात भरू नका. मोजपट्टी ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहा. जीपीएसचा एकच बिंदू पुरत नाही: कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, मधला बिंदू वाचला आणि सोंड साइडपट्टीखाली गेली असं व्हायला नको. चारही कोपरे नोंदवा.

देवरहाटी (देवाच्या नावाने राखलेलं रान), पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड), जुन्या विहिरी याच नकाशावर घ्या. झऱ्यांची तर उंचीही लिहा. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून मुरतं आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडून उतारावर बाहेर पडतं. रस्त्याचं कटिंग त्या थरापर्यंत गेलं की पाणी गटारात येतं आणि खालच्या वाडीचा झरा आटतो.

केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची महामार्ग कायद्याच्या कलम ३अ ची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात. हरकतीत ‘आमचा वारसा’ एवढंच लिहून भागत नाही. गट नंबर, अक्षांश-रेखांश, फोटो आणि नकाशावर आखलेली पर्यायी रेषा जोडा. रत्नागिरी–नागपूर महामार्गावर सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावच्या जुन्या वडासाठी २०२० मध्ये रस्त्याची आखणी बदलली होती.

रेषा सरकली तरी निम्मा धोका उरतोच. मुरुमाची खाण, डंपरची वाट, डांबर प्लांट, कामगारांचा तळ, कटिंगचा डबर हे सगळं मोकळ्या सड्यावरच येऊन बसतं, आणि आखणीच्या नकाशात त्यातलं काहीच नसतं. म्हणून जपायच्या जागा कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांसह निविदेच्या नकाशातच ‘काम-बंद क्षेत्र’ म्हणून दाखवा. कुंपणाची बाब अंदाजपत्रकात स्वतंत्र धरा. जिचं बिल निघत नाही ती बाब ठेकेदार करत नाही.

कुंपण म्हणजे सिमेंटचा कठडा नव्हे. तो पाणी अडवतो, मग शिल्पावर शेवाळ धरतं. जांभ्याच्या चिऱ्यांचा, चुना-सिमेंट न लावलेला कमरेएवढा गडगा घाला आणि उताराच्या बाजूला पाण्याला वाट सोडा.