कल चाचणीचा अहवाल कसा वाचावा आणि त्यावरून शाखा कशी निवडावी

कल चाचणी मुलाला काय व्हायचं ते सांगत नाही. मुलाने साठेक प्रश्नांना दिलेली उत्तरं ती गोळा करते, सहा गटांत लावते आणि त्याच्याच हातात परत देते. एवढं ध्यानात ठेवलं तर ती फार कामाची आहे. पालक मात्र थेट शेवटचं पान उघडतात, व्यवसायांच्या यादीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "मॅडम, मग आता कॉम्प्युटरच घेऊ ना?" चार आकडी फी, गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल, आणि त्यात वाचण्यासारखं जे होतं ते कुणी वाचलेलंच नसतं.

चाचणी निवडा

जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सहा गटांवर आधारलेली कोणतीही चाचणी चालेल. हाताने घडवणारा, शोध घेणारा, कलावंत, माणसांत रमणारा, पुढाकार घेऊन माणसं हलवणारा आणि नोंदी-हिशोब नेटके ठेवणारा, असे ते सहा गट. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'रिआसेक' होतं. अमेरिकी श्रम खात्याची ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर ही चाचणी इंटरनेटवर फुकट आहे. प्रश्न साठ, प्रत्येक गटाचे दहा. इंग्रजी अडत असेल तर शेजारी बसून प्रश्न मराठीत समजावून सांगा, उत्तर सुचवू नका. आपल्याकडे राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. घरात मोठ्या भावंडाचा तो अहवाल पडलेला असेल तर तो धाकट्यासाठी वापरू नका. हसू नका, असं करणारे पालक मी पाहिले आहेत.

सोळा प्रकारांपैकी तुमचा प्रकार कोणता हे चार अक्षरांत सांगणाऱ्या चाचण्या गप्पांना बऱ्या. त्यावरून शाखा ठरवू नका. अंतर्मुख की बहिर्मुख, अशा दोन कप्प्यांत त्या माणसाला बसवतात. बहुतेक माणसं मध्यावर असतात, त्यामुळे दोन-चार उत्तरं इकडची तिकडे झाली तरी अक्षर बदलतं. "अगदी माझंच वर्णन आहे!" हा पुरावा धरू नका. बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने १९४८ मध्ये वर्गातल्या सगळ्यांना व्यक्तिमत्त्वाचं एकच वर्णन प्रत्येकाचं स्वतंत्र निदान म्हणून वाटलं होतं. ते कितपत लागू पडतं यावर मुलांनी ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. त्यातली वाक्यं त्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि करिअर सांगणारी डीएमआयटी तर करूच नका. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने तिला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे. शाळेनेच शिबिर ठेवलं असेल तरीही नाही म्हणा.

चाचणी द्या

पोट भरलेलं, फोन बाजूला, पालक खोलीबाहेर. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात नको. थकलेलं मूल सगळ्यालाच "नाही आवडणार" लिहितं आणि सहाही गट सपाट येतात. आई किंवा वडिलांनी तीच चाचणी वेगळ्या कागदावर, 'माझं मूल काय उत्तर देईल' असा अंदाज करून सोडवावी. तो कागद पुढे लागेल.

उत्तरांकडे परत जा

खरं काम इथे आहे. हा टप्पा माझ्या हातात बसायला बरीच वर्षं गेली, आणि कुठल्याही अहवालात तो लिहिलेला नसतो.

ही चाचणी 'हे काम करायला आवडेल का' असं विचारते. आपली मुलं 'हे काम चांगल्या घरातल्या माणसाचं आहे का' याचं उत्तर देतात. दोष मुलांचा नाही, त्यांनी घरात तेच ऐकलेलं असतं. ओ-नेटच्या सुरुवातीच्याच प्रश्नांत स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं आणि विटा किंवा फरशी बसवणं येतं. अमेरिकेतला मुलगा तिथे गॅरेजमध्ये बाबांबरोबर केलेलं काम आठवतो. आपल्याकडचा मुलगा गवंडी आठवतो, आणि "अभ्यास नाही केलास तर पाट्या टाकाव्या लागतील" हे वाक्य आठवतो. खूण जाते 'अजिबात नाही'वर. पुढचा प्रश्न नवीन औषध विकसित करण्याचा असतो. तिथे 'खूप आवडेल', कारण त्यात पांढरा कोट आहे. अशाने हातकामाचा गट बुडतो, शोधकाचा फुगतो, आणि अहवाल सांगतो की मूल संशोधक वृत्तीचं आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक होतं. लोकांच्या अडचणीत मदत करणं, शिकवणं, काळजी घेणं या प्रश्नांना 'नाही' म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. माणसांत रमणाऱ्यांचा गट वर येतो आणि कुणीतरी लगेच म्हणतं, "बी.एड. उत्तम!" नोकरदार घरांत पुढाकाराच्या गटाचीही अशीच गत होते. विकणं, सौदा करणं, दुकान चालवणं हे मुलांना कमीपणाचं वाटतं. व्यापारी घरात बरोबर उलटं.

म्हणून मी गुणांची बेरीज बाजूला ठेवते आणि साठही उत्तरांचा कागद समोर घेते. (उत्तरांची प्रत मिळत नसेल तर चाचणी देतानाच मुलाला वहीत खुणा करायला सांगा. मुलाने प्रत्येक प्रश्नाला काय उत्तर दिलं ते दाखवायला नकार देणाऱ्या केंद्राकडे जाऊच नका.) 'खूप आवडेल' आणि 'अजिबात नाही' एवढीच उत्तरं निवडायची, मधली सोडून द्यायची. मग एकेका उत्तरावर तीन प्रश्न.

यातलं किंवा याच्या जवळचं काही शेवटचं कधी केलंस?

कुणी सांगितलं नसताना केलंस का?

त्यातला कंटाळवाणा भाग कोणता?

तिसरा प्रश्न गाळू नका, पहिल्या दोन्हींवर थाप मारता येते. ज्याने काम खरंच केलेलं असतं, तो त्यातला कंटाळा तपशिलाने सांगतो. "व्हिडिओ एडिट करायला आवडतं" म्हणणाऱ्या दोन मुली एकदा शेजारी बसल्या होत्या. एक म्हणाली, "कंटाळा? काहीच नाही, मस्त असतं." दुसरी म्हणाली, "आवाज आणि ओठ जुळत नाहीत तेव्हा एकेक फ्रेम सरकवत बसावं लागतं, वैताग येतो. आणि नावं टाकताना शुद्धलेखन." दुसरीचं 'खूप आवडेल' खरं. पहिलीला व्हिडिओ बघायला आवडतात. त्यातही काही वाईट नाही, फक्त त्यावर चार वर्षांची पदवी बेतू नये.

'अजिबात नाही' तपासणं याहून महत्त्वाचं. नगर जिल्ह्यातल्या एका मुलाच्या हातकामाच्या दहापैकी नऊ प्रश्नांना 'नाही' होतं. चाचणीने त्याला शिक्षक आणि कार्यालयीन कामं सुचवली होती. सुट्टीत काय करतोस, असं सहज विचारलं. ठिबकचे फिल्टर धुतो, नळ्यांची गळती काढतो, मोटारीचा स्टार्टर बिघडला की उघडतो, गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या दोन एकरांची जोडणी एकट्याने केली. मग हातकामाला 'नाही' का लिहिलंस? "ते काय काम आहे का मॅडम? ते घरचं आहे."

'घरचं' म्हणून जे सोडून दिलं जातं ते मी मुद्दाम विचारून काढते. घरातलं कोणतं काम तुझ्याशिवाय अडतं? पाहुण्यांची व्यवस्था, आजीच्या गोळ्यांचं वेळापत्रक, मंडळाच्या वर्गणीचा हिशोब, बिघडलेला मिक्सर. ही उत्तरं योग्य गटात टाका आणि सहा गटांचे गुण नव्याने, पेन्सिलीने लिहा. पुरावा सापडलेलं उत्तर ठेवा, पुरावा नसलेलं 'माहीत नाही' करा. 'माहीत नाही'ची यादी फेकू नका. सुट्टीत करून बघायच्या कामांची ती यादी आहे.

आता पालकांचा कागद आणा. जिथे दोघांची उत्तरं टोकाची वेगळी आहेत, तेवढ्याच प्रश्नांवर बोला. या वेळी पालकांनी ऐकायचं आहे, समजूत घालायची नाही. वडिलांना माहीतच नसतं की मुलगी वर्गातली भांडणं सोडवते. आईला माहीत असतं, पण तिला तो गुण वाटत नाही.

गुणांतला फरक बघा

ओ-नेटमध्ये प्रत्येक गटाचे गुण ४० पैकी असतात. २९, २८ आणि २७ असे तीन गट असतील तर त्यात पहिला-दुसरा असं काही नाही, तिन्ही सारखे धरा. ३१ आणि १२ असं अंतर मात्र बोलतं. हॉलंडने हे गट षटकोनात मांडले होते: शेजारचे एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे लांबचे. कलावंताच्या समोर नोंदी-हिशोबवाला, शोधकाच्या समोर पुढाकारवाला, हातकामाच्या समोर माणसांत रमणारा. समोरासमोरचे दोन गट वर आले म्हणजे चाचणी चुकली असं समजू नका. हातकाम आणि माणसं दोन्ही वर आली की फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, कृषी विस्तार अशा जागा दिसू लागतात. त्या नावांचा विचार एरवी कुणी केलाच नसता.

गटावरून पदवीकडे

चाचणीने दिलेली व्यवसायांची यादी आता फाडली तरी चालेल. ती बहुधा अमेरिकी नोकऱ्यांची असते. आपल्या राज्यात दार कुठून उघडतं हे तिला ठाऊक नसतं. आपली यादी आपणच करायची. जीवशास्त्र आवडतं म्हणजे एमबीबीएस, हे समीकरण आधी मोडा. पशुवैद्यकाच्या पदवीला 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा लागते आणि ती महाविद्यालयं नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतात. कृषी पदवीला एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते आणि त्यासाठी राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. वर सांगितलेल्या मुलाने कृषी अभियांत्रिकी हे नाव तोवर ऐकलंही नव्हतं.

चार-पाच पदव्या कागदावर आल्या की विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. पहिल्या वर्षाचा नको. अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना बरंचसं सारखं असतं, खरी शाखा तिसऱ्या सत्रात सुरू होते. मेकॅनिकलला 'गाड्या आवडतात' म्हणून गेलेल्याला तिथे थर्मोडायनॅमिक्स भेटतं, मानसशास्त्राला 'लोक मन मोकळं करतात' म्हणून गेलेलीला संख्याशास्त्र. मुलाला दुसऱ्या वर्षाचं एखादं पाठ्यपुस्तक वाचनालयातून आणून द्या आणि त्यातलं एक प्रकरण तासभर वाचू द्या. समजलं नाही तरी चालेल. तासाने त्याने आपणहून पान उलटलं की नाही ते बघा.

आवड म्हणजे क्षमता नव्हे. दोन्हींचा संबंध पालक समजतात त्यापेक्षा बराच सैल असतो. म्हणून अभिक्षमता चाचणी वेगळी द्या. नववी-दहावीसाठी सीबीएसई आणि एनसीईआरटीची 'तमन्ना' आहे, पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था अशा चाचण्या घेतात. दहावीचे गणिताचे गुण हाही एक पुरावाच आहे, तो फुकट मिळतो.

दहावीनंतरच्यांसाठी एक. "विज्ञान घे, सगळी दारं उघडी राहतात" हा सल्ला अर्धाच खरा आहे. विज्ञानातून कला-वाणिज्याकडे येता येतं आणि उलटी वाट अवघड आहे, इथवर बरोबर. पण ज्याचे शोधकाचे गुण तपासून पुसले की तळाला जातात, तो दोन वर्षं कुढत ५० टक्क्यांवर येतो, आणि मग त्याच्यासाठी सगळीच दारं अरुंद होतात.

पसंतीक्रम भरा

यादी तपासलेल्या गटांच्या क्रमाने लावा, कट-ऑफच्या क्रमाने नाही. "एवढे पर्सेंटाइल आहेत तर वाया का घालवायचे" असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याला त्या दिवशी चहा द्या, लॉगिनचा पासवर्ड देऊ नका. अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर पुढच्या फेऱ्यांत ती बदलता येत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत मुलाने दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचलेलीच शाखा हवी. त्या वर्षीची माहिती पुस्तिका नीट वाचा, फेऱ्यांचे नियम बदलत असतात. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते, पण ती रिकाम्या राहिलेल्या जागा आणि गुण यांवर. त्याच्या भरवशावर यादी करू नका.