व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालं? आधी हे करा

अ‍ॅप उघडून लगेच आपलाच नंबर टाका आणि एसएमएसने आलेला 6 अंकी कोड भरा. कोड लागला की समोरचा आपोआप बाहेर फेकला जातो. पुढे अनोळखी पिन मागितला, तर तो चोरट्याने लावलेला असतो. अंदाजाने आकडे मारत बसू नका. 7 दिवसांनी पिनशिवाय आत जाता येतं. तोवर खातं तुम्हाला वापरता येत नाही, पण त्यालाही नाही.

कोड एसएमएसऐवजी फोन कॉलवरही सांगितला जातो. तो फोन येतच नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग (आलेला फोन दुसऱ्या नंबरवर वळवणं) बघा. ‘कुरिअरवाल्या’च्या सांगण्यावरून स्टार-हॅशवाला नंबर फिरवला असेल, तर कोडचा फोन थेट चोरट्याकडे जातो. अनोळखी नंबर दिसला की फॉरवर्डिंग बंद करा.

आत शिरल्यावर ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधली अनोळखी यंत्रं लॉग आऊट करा, हे हमखास राहून जातं. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये नवा पिन आणि ईमेल टाका. जन्मसाल मात्र पिन म्हणून नको. ईमेल टाळू नका, पिन विसरलात तर तोच कामाला येतो.

तुमच्या नावाने कुणी पैसे उकळले असतील तर ज्याचे गेले त्याने लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.