जात्यावर बंदी घालणारं राज्य: रोलप्लेसाठी मध्ययुगीन डिस्टोपिया कसा रचायचा

काळा किल्ला, सिंहासनावर क्रूर राजा, चौकात रोज एक फाशी. रोलप्ले म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. त्यात मध्ययुगीन डिस्टोपिया, म्हणजे जुलमी व्यवस्थेचं काल्पनिक राज्य, म्हटलं की टेबलावर आधी हेच येतं, आणि दोन सेशनमध्ये खेळ अडतो. अशा राज्यात प्लेयरांना करण्यासारखं एकच काम असतं, राजाला मारणं, आणि राजा मेला की गोष्ट संपते. राजा मेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही सगळं जसंच्या तसं चालू राहील असं राज्य रचायला हवं. मी सांगलीत पतसंस्थांचं ऑडिट करते आणि शनिवारी रात्री आमच्या गटाची जीएम, म्हणजे खेळ चालवणारी, असते. दोन्हीकडे माझी रीत एकच आहे. एक वस्तू धरायची, ती कुठून निघाली आणि कुठे पोचली ते बघायचं, आणि वाटेत ती कोणाकोणाच्या हातून गेली ते लिहून काढायचं.

त्यामुळे नकाशा, राजघराणं, देवदेवता हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी वस्तू निवडा. जिच्यावाचून घराचं चालणारच नाही अशी एकच: मीठ, सरपण, पाणी, पीठ, लोखंड. फ्रान्समध्ये मिठावरचा 'गाबेल' नावाचा कर मध्ययुगात सुरू झाला आणि १७९० पर्यंत टिकला. पुढे तर बऱ्याच प्रांतांत माणशी ठरावीक मीठ सरकारी कोठारातूनच विकत घ्यायची सक्ती होती, लागो वा न लागो. एवढ्यावरून अर्धं राज्य उभं राहतं. ज्या घराने कमी मीठ उचललं त्या घरावर संशय, कारण ते चोरटं मीठ खात असणार.

आमच्या गटाने पीठ निवडलं, ते एका खऱ्या हकिगतीवरून. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचा मोठा मठ होता. दळण मठाच्याच गिरणीत आणायचं आणि तिथे दळणावळ द्यायची, असा त्याचा हक्क. गावकरी घरी जात्यावर दळायला लागले तेव्हा, १३३० च्या सुमारास, रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने घराघरांतली जाती जप्त केली आणि त्या दगडांची मठातल्या एका दालनात फरशी घातली. आपल्याच घरचं जातं पायाखाली, आणि त्यावर उभं राहून विनवण्या करायच्या! हा रिचर्ड अडाणी जुलमी माणूस मुळीच नव्हता. तो गणिती होता आणि त्याने मठासाठी आखलेलं खगोलीय घड्याळ त्या काळातलं एक आश्चर्य होतं. १३३६ मध्ये तो वारला. फरशी तशीच राहिली. १३८१ च्या शेतकरी उठावात लोक आत घुसले, त्यांनी ते दगड उखडले, फोडले आणि प्रसादासारखे तुकडे आपसात वाटून घेतले. माणूस गेला तरी पंचेचाळीस वर्षं दगड जागचे हलले नाहीत. मला हवा तो डिस्टोपिया हाच.

आमच्या राज्याचं नाव तळवट. तळवटात जातं बाळगायला बंदी, सगळं दळण सरकारी घरटावर, म्हणजे पाण्यावर फिरणाऱ्या मोठ्या जात्यावर. संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना हे घरट डोळ्यांपुढे आणायला वेळ लागला नाही: डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आलेलं, खाली फिरणारं चाक, वर दगड. बंदीचा कायदा मी एका ओळीत लिहिला. त्यातून काय काय निघेल ते टेबलाने शोधलं, आणि ते शोधणं टेबलावरच सोडा असं माझं ठाम मत आहे. एका प्लेयरने विचारलं, उखळात कांडलं तर? कण्या म्हणजे पीठ नव्हे. मग राज्याला पिठाची व्याख्या करावी लागली आणि तळवटात चाळणीवाला जन्माला आला. हा सरकारी माणूस पितळी चाळण घेऊन घरोघर फिरतो. डब्यातलं काढून चाळतो. वर राहिलं ते कण्या, खाली पडलं ते पीठ, आणि खाली पडलेल्यावर दंड. चाळण किती बारीक असावी यावर राजधानीत वाद चालू आहे, कारण भोकं थोडी मोठी केली की आज निर्दोष असलेली शेकडो घरं उद्या गुन्हेगार ठरतात. दुसरी म्हणाली, पहाटे ओवी म्हणताना कोणी ऐकलं तर झडती यायला हवी. आमच्या टेबलावर क्षणभर कोणी बोललं नाही. आपल्या आज्यांच्या पिढीचं सगळं सुखदुःख जात्यावर बोललं गेलं आहे, त्यामुळे हा कायदा कसा लागतो ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. तुम्ही वस्तू निवडाल तेव्हा अशी निवडा की तिच्यासोबत एखादं गाणं, सण किंवा नातंही जप्त होईल.

मग कारण शोधा. लोक हे का सोसतात? केवळ भीतीने म्हणालात तर दर दहा माणसांमागे एक शिपाई लागेल, आणि मध्ययुगीन राज्याला तेवढे शिपाई परवडत नाहीत. कारण खरं असायला हवं, निदान एके काळी खरं असायला हवं. सुलतान होण्याआधी १२९६ मध्ये देवगिरी लुटून गेलेला अलाउद्दीन खलजी घ्या. १३०३ मध्ये मंगोल फौज थेट दिल्लीला येऊन भिडली. त्याला प्रचंड खडी फौज हवी होती, आणि तीही कमी पगारात. इतिहासकार बरनीने घोडेस्वाराचा वर्षाचा पगार २३४ टंके (चांदीची नाणी) दिला आहे. एवढ्यात स्वाराचं घर चालायचं तर बाजार स्वस्त राहायला हवा. म्हणून भाव बांधले, गव्हाचा मणाला साडेसात जितल (टंक्याहून लहान नाणं), आणि बरनीच्या म्हणण्याप्रमाणे दुष्काळातही ते हलले नाहीत. दिल्लीत राहणाऱ्या, पोटापुरतं कमावणाऱ्या माणसाला ही व्यवस्था वाईट वाटली असेल का? आणि जिथून निम्मं पीक सारा म्हणून उचललं जात होतं त्या दुआबातल्या, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या प्रदेशातल्या, शेतकऱ्याला? तुमच्या राज्यातही अशी दोन माणसं हवीत, एक ज्याला ही व्यवस्था मनापासून पटते आणि एक जो तिची किंमत मोजतो. दोघांनाही प्लेयर कॅरेक्टर, म्हणजे प्लेयरांनी वठवायची पात्रं, करा. तळवटात कारण आहे विषारी अर्गट. ओल्या हंगामात राय (rye) नावाच्या गव्हासारख्या धान्यावर ही बुरशी धरते आणि त्या धान्याचं पीठ खाल्लं की हातपाय जळतात, झटके येतात. युरोपात मध्ययुगात याच्या साथी खरोखर येत असत. तळवटात अशा एका साथीनंतर धान्य निवडून, तपासून सरकारी घरटावरच दळायचं ठरलं. साथ केव्हाच संपली. घरट राहिलं.

राज्याला दिसतं कसं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खेळाची मजा इथेच आहे. कॅमेरे नाहीत, बातमी घोड्याच्या वेगाने जाते, लिहिता येणारे थोडे. अशा राज्याने लोकांवर नजर कशी ठेवावी? एक उत्तर इंग्लंडचं: बारा वर्षांवरच्या पुरुषांना दहा-दहाच्या गटात बांधायचं, एकाने गुन्हा करून पळ काढला की बाकीच्यांनी दंड भरायचा. शिपायाची गरजच उरत नाही, शेजारीच शेजाऱ्याला धरून ठेवतो. दुसरं उत्तर दिल्लीचं. बाजाराची खबर अलाउद्दीनला तीन वेगवेगळ्या वाटांनी येत असे: शहना म्हणजे बाजारावरचा अधिकारी, बरीद म्हणजे वृत्त पाठवणारा अधिकारी, आणि गुप्त हेर. तिन्ही अहवाल जुळले नाहीत तर शहन्याची खैर नसे. वर अलाउद्दीन लहान पोरांना पैसे देऊन खरेदीला पाठवायचा आणि आणलेला माल तोलून बघायचा. माप कमी भरलं तर तेवढं मांस दुकानदाराच्या अंगातून कापत, असं बरनी लिहितो. ऑडिटर म्हणून सांगते, तीन स्वतंत्र नोंदी आणि अचानक तपासणी यापलीकडे आजही आमच्याकडे फारसं काही नाही.

तुमच्या राज्यात एकाच वस्तूच्या तीन नोंदी ठेवा आणि त्या तिघांच्या हाती द्या. तळवटात शेतावरचा मापाडी पोती मोजतो, घरटावरचा कारकून दळण मोजतो, गावाचा दशक्या, म्हणजे दहा घरांचा जामीन, खाणारी तोंडं मोजतो. धान्य कुठेतरी गळणारच, आणि तीन वह्यांतला फरक हाच तुमचा प्लॉट. वेगळं रहस्य रचावं लागत नाही.

आमच्यातला एकजण मार्केट यार्डात अडतीवर आहे. त्याने मापाडी घेतला आणि पहिल्याच सेशनला म्हणाला, "ताई, काटा मारायला काटा बिघडवावा लागत नाही. पीठ परत देताना पोतं ओलं असलं की पुरतं." त्या वाक्यावर आमचे पुढचे कित्येक शनिवार चालले. ओली पोती कोण पुरवतं, ती वाळल्यावर वजन कोणाच्या नावे घटतं, घट किती टक्के धरायची हे कोण ठरवतं. राज्य जीएमने एकटीने लिहू नये ते यासाठी. प्रत्येक प्लेयरला साखळीतली एक जागा द्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडूनच लिहून घ्या: तू कोणाला हिशेब देतोस? तुझ्या हातून काय निसटू देतोस, आणि का? तुझ्याबद्दल कोणाला काय ठाऊक आहे? उत्तरं बदलू नका. ती तुमच्या आधीच्या कल्पनेशी जुळली नाहीत तर कल्पना बदला.

काही गोष्टी मात्र खेळाआधी उघड बोलून घ्याव्याच लागतात. जन्मावरून काम ठरवणारं राज्य, कोणी कोणाच्या हातचं पाणी घ्यायचं हे सांगणारे कायदे, बाईच्या अंगावर हात टाकणारा शिपाई, उपाशी मूल. दुसरीकडे याला कल्पनारंजन म्हणत असतील, आपल्या टेबलावर बसलेल्या कोणाच्या तरी घरात ते घडून गेलेलं असतं. पहिलं सेशन फक्त बोलण्यासाठी ठेवा. कुठला विषय अजिबात नको आणि कुठला आला तरी पडद्याआड ठेवायचा, याच्या दोन याद्या करा. एक्स कार्ड टेबलाच्या मधोमध असू द्या. कार्डाला हात लागला की प्रसंग तिथेच थांबवायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे जातीवरून श्रेणी नको असं एकाने सांगितलं, म्हणून तळवटात माणसाची पत तो घरटापासून किती लांब राहतो यावरून ठरते. राज्याची धार त्याने जराही कमी झाली नाही.

भूगोल, सैन्य, राजवंश यांना मी प्रत्येकी दोन-चार ओळी देते. घरटापर्यंत चालत किती वेळ लागतो एवढा भूगोल पहिल्या दिवशी पुरतो. जादू शक्यतो टाळा. मन वाचणारा मांत्रिक आला की तीन वह्यांचा जीवच जातो.

पहिल्या खेळाच्या रात्री बंड नको, कट नको. कामाचा साधा दिवस द्या. सकाळ, घरटाबाहेर रांग, कारकून वही उघडतो, आणि काल आलेल्या पोत्यांपेक्षा आज दळायची पोती एकाने जास्त. कमी असती तर चोरी म्हणता आली असती. जास्तीचं पोतं कोणाचं? ते परत करायचं, लपवायचं, की वहीत मागची तारीख घालून बसवायचं? जे ठरवतील त्यावर फासे टाकायला लावा आणि दुसऱ्या दोन वह्यांचं काय होतं ते बघा.

दर सेशनच्या शेवटी पाच मिनिटं काढून खऱ्या वहीत दोन ओळी लिहा: आज कुठला नियम घट्ट झाला, आणि त्याचा भार कोणाच्या घरावर पडला. वही फिरती ठेवा. ज्या कॅरेक्टरच्या हाती ती असेल त्याला एक नोंद खोटी करायची मुभा द्या, फक्त ती कुठली हे त्याने जीएमच्या कानात सांगावं.