दुसऱ्या शीटवरील सेलचे संदर्भ आणि त्यांना नावे देण्याची पद्धत

सूत्रात दुसऱ्या शीटवरील सेल वापरायचा असल्यास आधी त्या शीटचे नाव, मग उद्गारचिन्ह आणि शेवटी सेलचा पत्ता लिहितात; उदाहरणार्थ, =बी२*सेटिंग्ज!$सी$५. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये हीच रीत आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उद्गारचिन्हाच्या जागी टिंब येते. शीटच्या नावात मोकळी जागा असल्यास ते नाव एकेरी अवतरणचिन्हांत घालावे लागते. म्हणून पत्ता हाताने टाइप न करता, बरोबरचे चिन्ह दिल्यावर थेट त्या शीटवर जाऊन सेलवर क्लिक करावे. मात्र सूत्र पूर्ण करण्यासाठी मूळ शीटवर परत येऊन क्लिक केले, तर एक्सेल त्या शीटचे स्वतःचे नावही सूत्रात घालते. ते आवर्जून काढून टाकावे, कारण पुढे त्या ओळी सॉर्ट केल्या की असे संदर्भ ओळीबरोबर नीट जुळत नाहीत आणि कोणतीही एरर न दिसता उत्तरे चुकतात.

शीटचे नाव बदलल्यास सूत्रांतील नाव आपोआप बदलते, पण शीट काढून टाकल्यास तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सूत्रांत #रेफ! ही संदर्भ हरवल्याची एरर उमटते. मजकूर म्हणून लिहिलेल्या पत्त्यावरून सेलचा संदर्भ घेणाऱ्या इनडायरेक्ट फंक्शनची गोष्ट वेगळी आहे: त्यात शीटचे नाव केवळ मजकूर म्हणून असते, त्यामुळे ते बदलत नाही. शिवाय हे फंक्शन वर्कबुकमधील जवळपास प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजले जाते, म्हणून मोठ्या वर्कबुकमध्ये ते शक्यतो टाळावे.

सेटिंग्ज!$सी$५ म्हणजे नेमके काय, हे सहा महिन्यांनी सूत्र वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो; =बी२*टॅक्स_रेट मात्र वाचताक्षणी कळते. एक्सेलमध्ये असे नाव देण्यासाठी सेल निवडावा, सूत्रपट्टीच्या डावीकडील नेम बॉक्समध्ये नाव लिहावे आणि एंटर दाबावे. नावात मोकळी जागा चालत नाही, त्याची सुरुवात अंकाने करता येत नाही आणि ते सेलच्या पत्त्यासारखे दिसता कामा नये. माझ्या मते नावातून त्या आकड्याचा अर्थ कळावा, तो कोणत्या जागी आहे हे नव्हे. ‘सेटिंग्ज_सी५’ असे नाव दिल्याने काहीच साधत नाही, कारण सेल हलला की नावच खोटे ठरते.

खरी काळजी घ्यावी लागते ती नावाच्या व्याप्तीची. नेम बॉक्समधून दिलेले नाव संपूर्ण वर्कबुकमध्ये चालते, पण एखाद्या शीटपुरतेही नाव ठरवता येते, आणि तेच नाव दोन्ही व्याप्तींत असेल तर त्या शीटवर शीटपुरते नावच वरचढ ठरते. ज्या शीटवरील सेलला नाव दिले आहे तीच शीट त्याच वर्कबुकमध्ये कॉपी केल्यास नव्या शीटपुरते तेच नाव पुन्हा तयार होते; मग एका जागी दर बदलला तरी दुसऱ्या शीटवरची सूत्रे जुन्याच दराने चालत राहतात, आणि सूत्रे मात्र अक्षरशः सारखी दिसतात. म्हणूनच दर, मर्यादा, मुदती यांसारखे सर्वत्र लागणारे आकडे एका स्वतंत्र शीटवर ठेवावेत आणि ती शीट कधीही कॉपी करू नये. महिन्यागणिक वाढणाऱ्या शीट्समध्ये केवळ नोंदी आणि सूत्रे असावीत.

नाव देताना संदर्भात डॉलर चिन्हे असल्याची खात्री करावी. ती नसतील तर नाव कोणत्या सेलमधून वापरले जात आहे त्यानुसार त्याचा अर्थ सरकतो. जाणूनबुजून केले असेल तर हे उपयोगी आहे, अन्यथा ही चूक शोधणे फार कठीण जाते.

विंडोजवरील एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एफ३ दाबल्यास नेम मॅनेजर उघडतो. तेथे प्रत्येक नावाची व्याप्ती आणि संदर्भ शेजारी दिसतात, आणि फिल्टर वापरून केवळ एरर असलेली नावे वेगळी काढता येतात. एखादे नाव पुसण्यापूर्वी कंट्रोल आणि एफ दाबून, ‘विदिन’ या पर्यायात ‘वर्कबुक’ निवडून ते सूत्रांत शोधावे, कारण वापरात असलेले नाव पुसल्यास त्या सर्व सूत्रांत #नेम? ही एरर येते.