फाजवर गॅमा किरण सोडण्याआधी बफर बघा

टी-४ फाजचा, म्हणजे बॅक्टेरियांना मारणाऱ्या एका विषाणूचा, साठा एकच, कोबाल्ट-६०चा गॅमा स्रोत तोच, डोसही तेवढाच. तरी एका ट्यूबमधले फाज जवळजवळ संपलेले आणि दुसरीतले बहुतेक शाबूत. आठवडाभर मी डोस पुन्हा पुन्हा मोजत बसले. उत्तर माझ्याच वहीत होतं: एक ट्यूब फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पातळ केली होती, दुसरी नेहमीच्या एसएम बफरमध्ये, म्हणजे ट्रिस आणि जिलेटिनमध्ये.

पातळ द्रावणात किरणांची ऊर्जा मुख्यतः पाण्यातच जिरते. पाणी फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात आणि फाजचा घात बहुतांशी तेच करतात. ट्रिस, जिलेटिन, ग्लिसरॉल, ब्रॉथ (बॅक्टेरिया वाढवायचं पोषक द्रावण) हे सगळे त्या रॅडिकलना वाटेतच गिळतात. लुरिया आणि एक्सनर या संशोधकांनी माध्यमाचा हा परिणाम क्ष-किरणांसाठी १९४१ मध्येच मांडला होता.

म्हणून आधी साठा डायलिसिसने फॉस्फेट बफरमध्ये आणा, बफर दोन-तीनदा बदला. टी-४ टिकावा म्हणून १ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट ठेवा. उरलेला थोडासा ब्रॉथही निकाल फिरवतो, त्यामुळे इथे घाई नकोच.

मग ट्यूब लावा: नुसता बफर, ब्रॉथ, आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळणारं टर्ट-ब्युटॅनॉल घातलेला बफर. प्रत्येकाची किरण न दिलेली जोडीदार ट्यूब हवीच. वायू बदलायचा असेल तर बुडबुडे बफरमध्ये आधी सोडा, फाज नंतर मिसळा. प्रथिनं नसलेल्या बफरमध्ये फेस झाला की फाज फेसातच निकामी होतात, आणि तो दोष तुम्ही किरणांच्या माथी माराल. नायट्रस ऑक्साइड पाण्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांपासूनही हायड्रॉक्सिल बनवतो. त्याच्यासोबत फाज नायट्रोजनपेक्षा जलद मेले, तर गुन्हेगार सापडलाच समजा.

किरण थांबले तरी काम थांबत नाही. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड उरतो आणि ट्यूब टेबलावर पडून राहिली तर मारत राहतो. बाहेर काढल्या काढल्या कॅटालेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) घातलेल्या ब्रॉथमध्ये पातळ करा. प्लेटवर ३० ते ३०० प्लाक, म्हणजे फाजने बॅक्टेरिया मारून केलेले मोकळे ठिपके, येतील असं विरलन निवडा.

जिवंत फाजचं प्रमाण लॉग मापावर, डोस साध्या मापावर. रेष सरळ आली तर ३७ टक्के उरतात तो डोस वाचा: तिथे प्रत्येक फाजला सरासरी एक घातक आघात बसलेला असतो. ब्रॉथमधला हा आकडा बफरमधल्यापेक्षा बराच मोठा येईल. आकड्याशेजारी माध्यम लिहा, अगदी ट्रिसची मात्राही.