फुगलेली बरणी उकिरड्यावर नको : मृगाआधी फडताळ आणि खुराडं दोन्ही तपासा

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. त्याआधीच्या पंधरवड्यात सातारा-सांगलीकडच्या शेतकरी घरांत बेगमीची घाई असते. लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या, वर्षाची चटणी कांडून आणायची, कुरडया-पापड डब्यांत भरायचे, आमरस बाटल्यांत भरून ठेवायचा. या नव्या मालाला जागा करताना गेल्या वर्षीचं बरंच काही बाहेर निघतं : झाकण फुगलेली सॉसची बाटली, वर बुरशी आलेलं लोणचं, खवट शेंगदाणे, जाळं धरलेला मका. आणि बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "टाका कोंबड्यांना, त्या खातील."

त्या खातात हे खरं आहे. पण जे माणसाला बाधतं ते कोंबडीलाही बाधतं, आणि तिच्या अंड्यातून त्यातलं काही परत आपल्याच ताटात येऊ शकतं. म्हणून यंदा फडताळ आवराल त्याच दिवशी खुराड्याकडेही बघा, ही कळकळीची विनंती.

फुगलेल्या बाटलीत काय असतं

हवाबंद बाटलीत हवा नसते म्हणून बुरशी येत नाही, पण काही जंतूंना हवा नसलेलीच जागा मानवते. त्यातला सर्वांत घातक क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा जंतू मातीत सगळीकडे आहे. त्याचे बीजाणू, म्हणजे बीसारखी टणक अवस्था, साध्या उकळीने मरत नाहीत. त्यांना १२१ अंशांच्या आसपासची दाबाखालची वाफ लागते. पदार्थ पुरेसा आंबट असेल, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जेवढा कमी तेवढं आंबट) ४.६ च्या खाली असेल, तर ते बीजाणू रुजत नाहीत. रुजले तर विष तयार होतं. बाटली फुगणं, उघडताना फस्स आवाज येणं, रस गढूळ होणं या खुणा आहेत, पण कधीकधी वास आणि रंग अगदी चांगले असूनही आत विष असतं. म्हणून शंका आलेली बाटली चाखून बघायची नाही, बोटाच्या टोकानेसुद्धा नाही.

कोंबडीने असं काही खाल्लं की काही तासांत ते एक-दोन दिवसांत तिचे पाय लटपटतात, पंख लोंबतात, पापण्या मिटतात आणि मान जमिनीला टेकते. पिसं हाताला सहज उपटून येतात. अनेकजण याला राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग समजतात. राणीखेतमध्ये मान पिळवटते, हिरवट हगवण आणि धाप लागते. इथे मान लुळी पडते. यावर घरगुती उपाय नाही. खाण्याचं मूळ शोधून काढा, बाकीच्या कोंबड्या तिथून हलवा, स्वच्छ पाणी ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मूळ शोधायला उकिरड्यापासून सुरुवात करा. "आम्ही कोंबड्यांना घातलं नव्हतं, उकिरड्यावर टाकलं होतं," असं सांगणारे खूप भेटतात. पण मोकळ्या कोंबड्यांचा अर्धा दिवस उकिरड्यावरच उकरण्यात जातो. तिथे मेलेली घूस किंवा कोंबडी कुजत असेल तर तिच्या अंगावरच्या अळ्यांतही हेच विष साठतं, आणि अळ्या कोंबडीला फार आवडतात. पावसाळ्यात मेलेलं जनावर एक दिवसही उघड्यावर राहू देऊ नका.

फुगलेली बाटली न उघडता पिशवीत बांधून दोन-अडीच फूट खोल पुरा, वर चुना टाका आणि मातीवर दगड ठेवा. सांडली असेल, गळत असेल तर हातमोजे घालून, बाटलीसकट बुडेल एवढ्या पाण्यात अर्धा तास उकळा आणि मग पुरा. जिथे सांडलं ती जागा ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा.

यंदा काय बाटलीबंद करावं

टोमॅटोचा भाव पडला की सॉस आणि गराच्या बाटल्या घरोघरी भरल्या जातात. आताच्या गोडसर जातींचा टोमॅटो नेहमीच पुरेसा आंबट असतो असं धरू नका. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाव चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घाला. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. पूर्ण पिकलेल्या आंब्याच्या रसातला आंबटपणा तर आणखी उतरलेला असतो, त्यामुळे आम्ल न घालता तो बाटलीत भरून फडताळात ठेवू नका. फ्रीजर असेल तर रस गोठवणंच सोपं आणि सुरक्षित.

भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या हे गावाच्या उंचीवर ठरतं, आणि इकडे कुणी ते सांगत नाही. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. महाबळेश्वर-पाचगणीला ते साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. समुद्रसपाटीला टोमॅटो गराच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३५ मिनिटं पुरतात; सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा या उंचीवर ४० आणि महाबळेश्वर-पाचगणीला ४५ मिनिटं द्या. बाटलीच्या तोंडावर इंचभर पाणी राहिलं पाहिजे आणि मिनिटं मोजायची ती पाणी खळखळा उकळायला लागल्यापासून.

मक्याचे दाणे, वाटाणा, मश्रूम, उसळ, मटण-चिकनचा रस्सा, उकडलेली अंडी हे घरी बाटलीबंद करून बाहेर ठेवायचं नाही. नुसत्या तेलात बुडवून ठेवलेला लसूणही नाही. यातलं काहीच आंबट नसतं, आणि स्वयंपाकघरातला कुकर या कामासाठी बनवलेला नाही. मटार गोठवा, लसूण वाळवा, किंवा भरपूर लिंबूरस आणि मीठ घालून त्याचं लोणचं घाला.

नीट भरलेली बाटली वर्षभरात संपवावी. पत्र्याखालचा माळा बाटल्यांसाठी सर्वांत वाईट जागा. फलटण, माण, आटपाडी, जतकडे तिथे मे महिन्यात माणूस पाच मिनिटं थांबू शकत नाही. पस्तीस अंशांच्या वर बाटलीतला माल लवकर बिघडतो. खालच्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि झाकणावर महिना-वर्ष लिहा. लोणच्यावर किमान अर्धा सेंटीमीटर तेल उभं राहिलं पाहिजे; फोडी वर डोकावल्या की बुरशी तिथूनच सुरू होते. बुरशी आलेलं लोणचंही कोंबड्यांना नको. त्यातलं मीठच त्यांना भारी पडतं. कोंबडीच्या खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत लागतं, आणि लोणच्यात ते त्याच्या कित्येक पट असतं. पापडाचा चुरा, खारे दाणे यांचंही तसंच.

शेंगा आणि मका

इथे नुकसान सर्वांत जास्त आणि सर्वांत गुपचूप होतं. उन्हाळी भुईमुगाची काढणी नेमकी वळवाच्या पावसात सापडते. ओल्या शेंगा ढिगात राहिल्या की दोन दिवसांत आतून पिवळसर-हिरवी बुरशी धरतात, आणि त्यातून अफलाटॉक्सिन हे विष तयार होतं. दाणे भाजून, उकडून, उन्हात घालून बुरशी मरते. विष तसंच राहतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, आणि कारण निघालं बुरशीच्या शेंगदाण्याची पेंड. अफलाटॉक्सिनचा शोध त्यातूनच लागला.

आपल्या खुराड्यात एवढं एकदम दिसत नाही. थोडं थोडं विष गेलं की कोंबडीचं यकृत खराब होतं, अंडी कमी होतात, ती बारीक होते, लस दिली तरी अंगी लागत नाही. विषाचा अंश अंड्यातही उतरतो. घरची लहान पोरं तीच अंडी खातात, हे लक्षात घ्या.

शेंग कानाशी धरून हलवा. दाणे खुळखुळले तरच पोत्यात भरा. मक्यासाठी एक सोपी तपासणी आहे : कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर सुकं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर मक्यात पंधरा टक्क्यांच्या वर ओल आहे, आणखी दोन उन्हं द्या. साठवायला मका बारा-तेरा टक्क्यांवर आलेला हवा. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर ठेवा. निवडून काढलेले काळे, सुरकुतलेले, हिरवट दाणे चुलीत घाला. ते विकूही नका.

घरचं सोयाबीन असेल तर कच्चं घालू नका, भाजून भरडून घाला. ताज्या भाजीचे देठ, शिळी पण न आंबलेली भाकरी, अंड्याची टरफलं उकळून वाळवून केलेला चुरा, हे सगळं चालतं. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. मोकळी चरून येणारी काही भाग बाहेर मिळवते, पण झडीच्या दिवसांत ती बाहेर पडत नाही तेव्हा घरचं खाद्य वाढवा.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. कळपात कोंबडा असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण २१ अंशांच्या वर फलित अंड्यात पिल्लाची वाढ सुरू होते. मळलेलं अंडं कोरड्या फडक्याने पुसा, थंड पाण्यात धुऊन ठेवू नका. ओलाव्याबरोबर घाण छिद्रांतून आत जाते. निमुळतं टोक खाली करून ठेवा. बाहेर आठवडाभर, फ्रीजमध्ये महिनाभर चांगली राहतात. पाण्यात तरंगणारं अंडं शिळं असतं. बुडालेलं ताजं असतं, पण निर्जंतुक असेलच असं नाही. अंड्याचं लोणचं केलं तर फ्रीजमध्येच ठेवा.

खुराड्यात उकिडवं बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर खाली अंथरलेलं तूस ओलं झालंय. वरखाली करा, ओला भाग काढून कोरडं घाला, नाहीतर रक्ती हगवण ठरलेली. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात पत्र्याचं पुढचं टोक तीन फूट तरी बाहेर हवं, आणि गोणपाटाचा पडदा वरून वीतभर उघडा ठेवा. कोंबड्यांचा देवीचा रोग डासांमुळे पसरतो, म्हणून ती लस पावसाआधीच टोचून घ्या. राणीखेतची लस पाण्यातून देणार असाल तर त्या पाण्यात ब्लीचिंग किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) नको. क्लोरीनने लस मरते. आड-विहिरीचं साधं पाणी घ्या, कोंबड्यांना आधी दोन तास तहानलेलं ठेवा आणि भांडी एवढी मांडा की सगळ्यांना एकदम पिता येईल.